आईवडिलांची विडी-सिगारेट सुटावी म्हणून काय बोलावं, काय लिहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान मुलांच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून काम करते. खोकणारं मूल कडेवर घेऊन बाप आत येतो आणि त्याच्या शर्टाच्या खिशातलं पाकीट दिसतं, तिथून माझं काम सुरू होतं. बायका, मोठी झालेली मुलं, शिक्षक, आशाताई आणि स्वतः ओढणारे आईवडीलही मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. तुम्हाला हवा तो प्रश्न उघडून वाचा. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. बाबांना सिगारेट सोडायला सांगायचंय. नेमकं काय वाक्य बोलू?

असं काहीतरी: "बाबा, परवा जिना चढताना तुम्ही दुसऱ्या मजल्यावर थांबलात, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही सिगारेट सोडावी असं मला फार वाटतं. कधी सोडायची ते तुम्ही ठरवा, त्या दिवशी मी रजा टाकून घरी थांबेन."

यात तीन गोष्टी आहेत. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक घटना, तुमच्या मनातली इच्छा आणि तुम्ही काय करणार ते. तारीख त्यांच्या हातात ठेवली आहे, कारण सोडायची त्यांनाच आहे. "कितीदा सांगितलं", "तुम्हाला आमची काळजीच नाही", "लोक काय म्हणतील" ही वाक्यं यात मुद्दाम नाहीत. ती ऐकली की माणूस उत्तर शोधायला लागतो आणि मूळ विषय बाजूला पडतो.

वेळही बघा. हातात पेटलेली सिगारेट असताना, पाहुण्यांसमोर किंवा भांडण नुकतंच मिटलेलं असताना हा विषय काढू नका. बऱ्याच जणांचा चहा आणि सिगारेट जोडीनेच चालते, त्यामुळे सकाळच्या चहाची वेळही सोडा. समोर बसवून बोललं की चौकशी चालल्यासारखी वाटते. फिरायला जाताना, बाजारातून पिशव्या घेऊन परतताना, शेजारी चालत बोलणं सोपं जातं.

२. पाकिटावर एवढं भयंकर चित्र असूनही ते ओढतात. मग आपल्या बोलण्याने काय होणार?

पाकिटावरच्या चित्राने काहीच होत नाही, हा समज चुकीचा आहे. १ एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ६१.९ टक्के सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि ५३.८ टक्के विडी ओढणाऱ्यांनी सांगितलं, की तो इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. आदल्या वर्षभरात सोडण्याचा प्रत्यक्ष प्रयत्न करणारे ३८.५ टक्के होते.

म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या माणसाने बहुधा हा विचार आधीच केलेला असतो आणि कदाचित एकदा करून, हरून, गप्पही बसलेला असतो. त्याला माहिती कमी पडत नाही. कमी पडते ती हिंमत, पद्धत आणि सोबत. तुमच्या बोलण्याचं काम तिथे आहे.

३. घाबरवावं की प्रेमाने सांगावं?

भीती चालते, पण तिच्यासोबत वाट दाखवली तर. चोविसाव्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या मुकेशची जाहिरात आपण सगळ्यांनी सिनेमागृहात पाहिली आहे. ती विसरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण ओपीडीत मी हेही पाहते, की वाट न दाखवता नुसतं घाबरवलं तर माणूस मान फिरवतो. "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते" हे वाक्य तेव्हाच येतं.

म्हणून मी भीतीचं एक वाक्य बोलले तर वाटेची दोन वाक्यं बोलते. "या खोकल्याची मला भीती वाटते. फोनवर फुकट मदत मिळते. आज दुपारी आपण दोघं मिळून फोन लावू." (फोन कुठे लावायचा ते प्रश्न १३ मध्ये.) सोडल्यावर काय मिळेल हेही सांगा. "सोडली नाहीस तर मरशील" यापेक्षा "सोडलीस तर पावसाळ्यात पोरीला वाफेचं मशीन (नेब्युलायझर) लावायची वेळ कमी येईल" हे मी जास्त वेळा कामी आलेलं पाहिलं आहे.

४. आईवडिलांच्या धुराने मुलांना नेमकं काय होतं?

धुरात राहणाऱ्या मुलांना दमा जास्त होतो आणि असलेला दमा जास्त वेळा उसळतो. आपल्याकडे ज्याला बाळदमा म्हणतात, ती छातीतली घरघर वाढते. ब्राँकायटिस आणि न्यूमोनिया जास्त होतात. कानाच्या मधल्या भागात संसर्ग होतो आणि कान वाहतो. अगदी तान्ह्या बाळांमध्ये झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोकाही वाढतो. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरू शकतात. "एवढासा धूर चालतो" अशी सुरक्षित पातळी नाही.

मुलांची फुप्फुसं लहान असतात, श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो आणि खोलीतून उठून जाणं त्यांच्या हातात नसतं. माझ्या मते यातलं तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे.

मात्र वाढवून सांगू नका. "तुझ्यामुळेच पोराला दमा झाला" हे वैद्यकीयदृष्ट्या कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, कारण दम्याला अनेक कारणं असतात. खरं आणि पुरेसं वाक्य असं आहे: "तिला दमा आहे आणि घरातला धूर थांबला तर तिचे त्रासाचे दिवस कमी होतील."

५. "मी घरात ओढत नाही, गॅलरीत जाऊन ओढतो." यावर काय बोलायचं?

आधी एवढं मान्य करा: खोलीत, मुलाशेजारी ओढण्यापेक्षा हे बरं आहे. त्या माणसाने मुलासाठी काहीतरी बदललं आहे. "तू गॅलरीत जातोस ते पिंकीसाठीच ना, ते मला कळतं" असं म्हणून सुरुवात केली की पुढचं ऐकलं जातं.

मग पुढचं सांगा. सिगारेटचा बहुतेक धूर डोळ्यांना दिसत नाही. गॅलरीचं दार बंद दिसलं तरी धूर फटीतून, वरच्या खिडकीतून आत येतो. सिगारेट विझवून लगेच आत येणारा माणूस आणखी काही मिनिटं श्वासातून धुराचे कण बाहेर टाकत असतो. शर्टाला, दाढीला, बोटांना जे चिकटतं ते बाळाला उचलून घेतलं की बाळाच्या गालाला लागतं आणि बाळ तर बापाची बोटं तोंडात घालतंच. पंखा, एक्झॉस्ट, उदबत्ती किंवा उघडी खिडकी यांनी वास कमी होतो, धूर जात नाही. गाडीत काच खाली करून ओढली तरी मागच्या सीटवर धूर पोहोचतो.

घरातल्या धुराचा प्रश्न किती घरांत आहे? २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात (प्रश्न २) भारतातले ३८.७ टक्के प्रौढ घरात दुसऱ्याच्या धुराला सामोरे जात होते. सार्वजनिक ठिकाणी २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत आहे. घरात मात्र कायदा येत नाही, तिथे नियम घरानेच करायचा असतो. "घरात, गॅलरीत आणि गाडीत कुणीच ओढणार नाही, पाहुणे आले तरी" हा एक नियम दारामागे कागदावर लिहून लावा. ज्या घरात असा नियम पाळला जातो, तिथल्या ओढणाऱ्या माणसालाही सोडणं सोपं जातं, कारण प्रत्येक सिगारेटसाठी चपला घालून खाली उतरावं लागतं. तोवर बाहेरून आल्यावर हात-तोंड धुवून, शर्ट बदलून मगच बाळाला घ्यायचं. हा मधला टप्पा आहे. इथेच मुक्काम करू देऊ नका.

६. मी शिक्षिका आहे. मुलांकडून आईवडिलांना पत्र लिहून घ्यावं का?

घ्या, पण जपून. मुलाचा शब्द बापाच्या काळजाला लागतो यात शंका नाही. २०१२ मध्ये थायलंडच्या आरोग्य प्रोत्साहन प्रतिष्ठानाने एक मोहीम केली होती. हातात सिगारेट घेतलेली लहान मुलं रस्त्यावर ओढणाऱ्या मोठ्यांकडे जाऊन काडी मागत. मोठी माणसं त्यांना ओढण्याचे तोटे समजावून सांगायला लागायची. मग मूल त्यांच्या हातात एक चिठ्ठी ठेवून निघून जायचं: माझी काळजी करता, मग स्वतःची का नाही? खाली मदतीचा फोन नंबर होता. कुणी रागावलं नाही, कुणाला लाजवलं नाही. त्या मोठ्यांना स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकू आले.

माझ्याजवळचं एक उदाहरण देते. चौथीतल्या एका मुलाच्या बहिणीला रात्री-अपरात्री मशीन लावावं लागायचं. त्याने कुणालाही काही सांगितलं नाही. बापाच्या विडीच्या बंडलावरच्या कागदावर निळ्या पेनाने फक्त वेळा लिहिल्या: "रात्री २. पहाटे ५. सकाळी ९." पुढच्या बंडलावर पुन्हा. बाप तो कागद घडी करून पाकिटात घेऊन माझ्याकडे आला. घामाने शाई पसरली होती, पण २ आणि ५ वाचता येत होते. "ह्यात शिवी असती तर फाडून टाकला असता," तो म्हणाला. त्या कागदावर एकही विनंती नव्हती, तरी मी आजवर पाहिलेला सगळ्यात नेमका संदेश तोच.

शाळेत करताना हे पाळा. पत्र लिहायचं की नाही हे मुलाने ठरवावं. वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नका. ज्यांच्या घरी कुणी ओढत नाही त्यांनी कुणा ओळखीच्या माणसाला लिहावं, म्हणजे कुणाचं घर उघडं पडत नाही. "तुम्ही सोडली नाही तर मी जेवणार नाही" असली अट मुलाला घालू देऊ नका. पाकीट लपवणं, काड्या मोडणं, किती ओढल्या ते मोजून आईला सांगणं ही कामं मुलाची नाहीत. बापाने सोडली नाही तर मुलाला आपलंच प्रेम कमी पडलं असं वाटतं, म्हणून पत्राआधीच सांगा: "बाबांनी सोडली नाही तरी त्यात तुझी चूक नसेल. ही सवय फार चिवट असते."

७. आमचे हे फार चिडतात, हात उचलतात. मुलाकडून सांगून बघू का?

नको. अशा घरात मुलाला मध्ये घालू नका आणि तुम्ही एकट्यानेही हा विषय काढू नका. हे काम बाहेरच्या माणसाकडे द्या, शक्यतो डॉक्टरांकडे (प्रश्न ९). मारहाण हा सिगारेटपेक्षा मोठा आणि आधीचा प्रश्न आहे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या क्रमांकांवर मदत मिळते.

८. आमच्याकडे आई ओढते. किंवा सासूबाई मशेरी लावतात. त्यांना कसं सांगावं?

बाईला या सवयीची लाज आधीच इतकी दिलेली असते, की आणखी लाज दिली तर ती फक्त लपवायला लागते. ओढणाऱ्या आईशी एकांतात बोला आणि "बाई असून" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. "दिवसभरात तुला स्वतःसाठी मिळणारी पाच मिनिटं हीच, हे मला दिसतं. ती पाच मिनिटं राहू देत, सिगारेट तेवढी जाऊ दे" असं एका मुलीने आईला सांगितलेलं मी ऐकलं आहे. नंतर ती रोज त्या वेळेला आईसोबत गच्चीवर जाऊन बसायची.

मशेरीसारख्या धूर नसलेल्या तंबाखूचा प्रश्न महाराष्ट्रात तर धुरापेक्षा मोठा आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात (प्रश्न २) राज्यातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे होते आणि धूर नसलेला तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. मशेरीने घरात धूर होत नाही, पण निकोटीनची ओढ तीच आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका खरा. सासूबाईंना "दात घासायला" म्हणून लागलेली सवय असते, त्यामुळे बोलणंही दातांपासून सुरू करा: दंतवैद्याकडे घेऊन जा आणि त्यांना बोलू द्या.

९. डॉक्टरांनी सांगितलं तर जास्त फरक पडतो का?

पडतो. थोडा, पण खरा. लहान मुलांना जपण्यासाठी पालकांची सिगारेट सोडवण्याचे जे प्रयोग जगभर झाले, त्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत मिळालेल्या पालकांपैकी सरासरी २३.१ टक्क्यांनी सोडली, न मिळालेल्यांपैकी १८.४ टक्क्यांनी. शंभरात चार-पाच पालक जास्त. ऐकायला कमी वाटतं, पण ओपीडीत रोज येणाऱ्या मुलांच्या हिशेबाने ते फार मोठं आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी यासाठी सोपी पद्धत बसवली: विचारा, मदत करा, पुढे पाठवा. मुलाचा खोकला तपासताना पालकाला विचारायचं, औषधाचं सांगायचं, फोन सेवेशी जोडून द्यायचं. आपल्याकडे २०१६-१७ च्या सर्वेक्षणात (प्रश्न २) डॉक्टरांकडे गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. म्हणून वाट बघू नका. मुलाला दाखवायला जाल तेव्हा आत शिरण्याआधी सिस्टरकडे चिठ्ठी द्या: "घरात वडील ओढतात. कृपया त्यांच्याशी दोन मिनिटं बोला." शक्य असेल तर त्या दिवशी वडिलांनाच मुलाबरोबर पाठवा. केसपेपरवर औषधाखाली "घरात धूर नको" असं लिहून मिळालं, तर त्या तीन शब्दांना घरात वेगळंच वजन येतं.

१०. विडी तर पानाची असते. ती सिगारेटपेक्षा बरी नाही का?

नाही. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त वेळा आणि जोरात घ्यावे लागतात. २००८ मध्ये भारतातल्या मृत्यूंचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, स्त्रियांचं सुमारे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं सुमारे १० वर्षांनी कमी झालेलं दिसलं. विडी आणि सिगारेट दोन्हींनी क्षयरोगाचा धोका वाढतो आणि एका खोलीत सगळे झोपत असतील तर क्षयरोग मुलांपर्यंत येतो.

११. आमचं घर विडी वळण्यावरच चालतं. नवऱ्याला "विडी वाईट" कोणत्या तोंडाने सांगू?

सोलापूरच्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला होता आणि सिन्नरकडूनही असेच प्रश्न येतात. मला तो फार प्रामाणिक वाटला. ताई, तुमच्या कष्टात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुम्ही हजार विड्यांच्या हिशेबाने घर चालवता. सूप पुढ्यात घेऊन ज्या हातांनी वळता, त्याच हातांनी मुलाला भरवता, तेव्हा भरवण्याआधी हात साबणाने धुवा आणि तंबाखूचं सूप मुलांच्या झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. नवऱ्याला तुम्ही "विडी वाईट" असं म्हणूच नका. "मी वळते ते पोटासाठी. तू ओढतोस त्यातली एकही आपल्या घरात पेटू नये एवढंच मागते" हे तुमच्या तोंडी शोभतं आणि त्याला उत्तर देणं अवघड आहे. पैशाचा हिशेबही तुमच्याकडे पक्का असतो: घरातल्या किती विड्या तो ओढतो, त्यांची मजुरी किती झाली, हे त्याला बोटांवर मोजून दाखवा.

१२. मी अमेरिकेत, बाबा सांगलीला. वय ६८. ते म्हणतात, "आता सोडून काय मिळणार?"

मिळतं. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तिशीत सोडणाऱ्याला सुमारे १० वर्षांचं आयुष्य परत मिळालं, चाळिशीत सोडणाऱ्याला ९, पन्नाशीत ६ आणि साठीत ३. वय वाढलं तसं कमी मिळतं, म्हणून वाट बघत बसण्यात तोटा आहे. पण साठीतली तीन वर्षं म्हणजे नातवाची मुंज किंवा नातीची दहावी.

शरीर लगेच उत्तर देतं, हेही त्यांना सांगा. २० मिनिटांत नाडी शांत होते, १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो, काही महिन्यांत खोकला आणि दम लागणं कमी होतं आणि वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो.

दूर राहून फोनवर रोज उपदेश करू नका, नाहीतर ते तुमचा फोन टाळायला लागतील. आठवड्यातून एकदा विचारा: "बाबा, या आठवड्यात कुठल्या सिगारेटशिवाय राहणं सगळ्यात कठीण गेलं?" त्यांना बोलू द्या. सांगलीत कोणी सोबत द्यायला आहे का ते बघा: शेजारचे काका, डॉक्टर, मावशी.

१३. ते तयार झालेत! आता काय करायचं?

आता संदेश बदलायचा. "सोड" म्हणणं संपलं, आता "कशी" ते बोलायचं. केवळ मनाच्या निर्धाराने, काहीही मदत न घेता सोडायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे टिकतात. म्हणून पहिल्या दिवशीच मदत जोडून द्या.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन: १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, सोमवार सोडून सकाळी ८ ते रात्री ८. २०१८ पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. म्हणजे तो त्यांच्या खिशात आधीपासूनच आहे, फक्त बोट ठेवून दाखवायचा. मोबाइलवर संदेश हवे असतील तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्यायचा.

निकोटीनची गोळी म्हणजे च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते, पण बहुतेक जण ती चुकीची खातात आणि "काही उपयोग झाला नाही" म्हणतात. ती सतत चघळायची नसते. दोन-चारदा चावून तिखट चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चव गेली की पुन्हा थोडी चावायची. असं साधारण अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

तलफ येते तेव्हा वाटतं आता जीवच जाईल, पण ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड, झोप न लागणं, डोकं दुखणं दोन ते चार आठवड्यांत कमी होतं. त्या दिवसांत पाठवायचे काही संदेश इथे देते, शब्द तुमचे घाला:

पहिला दिवस: "आज राग आला तर माझ्यावर काढा, मी ऐकून घेईन."

दुसरा दिवस, चहाच्या वेळेला: "टपरीवर जाऊ नका. मी थर्मास घेऊन खाली आलेय."

तिसरा दिवस: "आजचा दिवस सगळ्यात कठीण असतो म्हणतात. संध्याकाळी फिरायला जाऊ, फोन घरी ठेवून."

आठवा दिवस: "आठ दिवसांचे पैसे डब्यात टाकलेत. मोजून बघा."

राखदाणी, लायटर, गाडीतली काडेपेटी, जुन्या जॅकेटच्या खिशातलं अर्धं पाकीट, सगळं आदल्या रात्री बाहेर गेलं पाहिजे. हे त्यांनी स्वतःच्या हाताने करावं.

१४. पंधरा दिवसांनी पुन्हा ओढली. आता काय बोलू?

"पंधरा दिवस राहिलात. याआधी कधी राहिला होतात?" एवढंच. मग विचारा की ती एक कुठे, कुणासोबत, कशानंतर ओढली. बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: लग्न, दारू, जुना मित्र, ऑफिसातला ताण. पुढच्या वेळी त्या जागेची तयारी करायची. बरेच लोक अनेक प्रयत्नांनंतर सुटतात. "माहीतच होतं, तुम्हाला जमणार नाही" हे एक वाक्य मात्र आधीचे सगळे संदेश पुसून टाकतं.

१५. सिगारेट सोडली, पण मावा खातात. किंवा ई-सिगारेट, हुक्का, "हर्बल" विडी?

मावा, गुटखा, मळलेली तंबाखू म्हणजे त्याच निकोटीनचा दुसरा दरवाजा. ई-सिगारेट भारतात २०१९ पासून बंद आहे. हुक्क्याच्या धुरातला विषारी भाग पाण्याने गाळला जात नाही. "हर्बल" जे काही पेटवून ओढलं जातं, त्यातूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतो. त्यांच्यावर फसवणुकीचा आरोप करू नका. "निकोटीनची ओढ अजून आहे, तर गम किंवा औषध घेऊया" असं सांगून प्रश्न १३ कडे या.

१६. रोज मेसेज पाठवते. निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.

कमी करा. आठवड्याला एक पुरे आणि तो तुम्ही लिहिलेला असू दे. कुणाकडून आलेले कुजलेल्या फुप्फुसाचे फोटो पुढे पाठवणं थांबवा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हा विषय नकोच. दीर-नणंदांसमोर माणूस हरायला तयार नसतो. उत्तर आलं नाही याचा अर्थ वाचलं नाही असा नव्हे. एका गृहस्थाने बायकोचा एक मेसेज चार महिन्यांनी मला वाचून दाखवला होता, त्यांनी तो फोनमध्ये "तारा" लावून जपून ठेवला होता.

१७. बायको सहा महिन्यांची गरोदर आहे. मी तिच्यासमोर ओढत नाही, पुरेसं आहे का?

तुम्ही विचारलंत याचाच मला आनंद झाला. घरातल्या धुराने बाळाचं वजन कमी भरू शकतं, म्हणून तिच्यासमोर न ओढणं योग्यच. पण बाळ आल्यावर पहिले सहा महिने झोप तुटेल, ताण वाढेल, तेव्हा सोडणं आजच्यापेक्षा अवघड जाईल. तीन महिने हातात आहेत. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तुमच्यासाठीही डॉक्टरांना विचारा आणि सोडायची तारीख सोनोग्राफीच्या फाइलवर लिहा.

१८. मी ओढतो. मुलगा आठवीत आहे. त्याला "तू ओढू नको" कसं सांगू?

खरं सांगून. "मी तुझ्याएवढाच होतो तेव्हा पहिली ओढली. आता सोडायचीय आणि सुटत नाही. हे सगळं तुला दिसतंय. तू सुरूच करू नकोस." आईवडील ओढत असले की मुलं ओढायची शक्यता वाढते, हे माहीत असूनही बाप गप्प बसतात, कारण त्यांना वाटतं आधी स्वतः सोडायला हवी. सुटेपर्यंत थांबू नका. मुलांना अडखळणारा पण खरं बोलणारा बाप कळतो.

आणि एक काम आजच बंद करा. "जा रे, कोपऱ्यावरून दोन घेऊन ये" म्हणून सुटे पैसे देऊन त्याला टपरीवर पाठवत असाल, तर ते थांबवा. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण त्याच्याशी तुमचं नातं कायद्यापेक्षा जवळचं आहे. तुम्ही त्याला पाठवणं बंद केलंत की तो कारण विचारेल, आणि त्या वेळी वरची वाक्यं बोलायची.